मूळ गाव

काल जिन्यात नव्या काकूंनी सहज विचारलं, "गाव कोणतं तुमचं?" म्हटलं, पुणंच. "ते झालं हो, पण मूळ?" मूळ यझ्द, इराणातलं. "अगंबाई, आणि मराठी किती छान बोलता!" म्हणत त्या वर गेल्या. मनानं फार चांगल्या आहेत. तरी रात्रभर तो 'मूळ' डोक्यातून जाईना.

यझ्द मी पाहिलेलं नाही, पप्पांनीही नव्हतं. मे महिन्यात वाड्यातली मुलं एसटीनं गावाला जायची, येताना फणसपोळी आणायची. आम्ही कॅम्पातच. पप्पा पहाटे हॉटेल उघडायचे, मी संगमरवरी टेबलांवर बसून सुट्टीचा निबंध लिहायचे आणि त्यात मैत्रिणीचं देवरुख घालायचे. आमच्याकडे घालण्यासारखं काही नव्हतंच. पारशी मुलींत मी इराणी, आणि वाड्यात... जाऊ दे.

गाव होतं ते ममसच्या, म्हणजे आजीच्या, बोलण्यात. डाळिंबं, कनातचं म्हणजे जमिनीखालच्या कालव्यातून वाहत येणारं पाणी आणि बादगीर. बादगीर म्हणजे छतावरचे उंच मनोरे, वाळवंटातला वारा पकडून घरात सोडणारे. अख्खं यझ्द त्यांनी ओळखलं जातं. पण आपल्या झरथोस्ती, म्हणजे झरथुष्ट्राचा धर्म पाळणाऱ्या, लोकांना ते बांधायचीच कितीतरी वर्षं मनाई होती, हे मला फार उशिरा कळलं. गाढवावरून जाताना समोर मुसलमान आला की खाली उतरायचं. बिगर-मुसलमानांवरचा जिझिया कर 1882 मध्ये उठला, तरी जाच संपला नाही. माणसं मुंबईला येतच राहिली. ममसनं यातलं अवाक्षर काढलं नाही. डाळिंबंच सांगितली.

ज्या गावानं आम्हाला धड वारासुद्धा घेऊ दिला नाही, त्याची ओढ मला का असावी? आणि ज्या पुण्यात जन्म गेला, तिथं मला पुढचा प्रश्न का यावा? रात्री यावर रडू आलं.

सकाळी ताटलीतल्या गव्हाला पाणी घातलं. 21 मार्चच्या नवरोझपर्यंत, आमच्या नव्या वर्षापर्यंत, चांगला वीतभर होईल. पाडवा नवरोझच्या आसपास आला की शेजारून येणारी गाठी आम्ही नवरोझच्या मांडणीत लसूण-सिरक्याशेजारी ठेवत आलो. ममसनंच ती पहिल्यांदा ठेवली म्हणे, कुणाला न विचारता.

न पाहिलेल्या गावाची आठवण येते मला. येऊ दे. देवरुखही मी अजून पाहिलेलं नाही, आणि निबंधात ते मनापासून लिहिलं होतं. या मे महिन्यात तिथं तरी जाऊन येते.