झोपलास का?

बदकाचं पिल्लू उभ्या उभ्या झोपतं. पाण्याच्या भांड्यापाशी आलेलं असतं, काहीतरी करायचं असतं, मधेच विसरतं. मान खाली खाली जाते, चोच टेकली की दचकून वर. परत खाली. शेवटी पाय आपोआप दुमडतात आणि ते पोटावर बसतं. काल दुपारी कामं टाकून हेच बघत बसले होते. डोळा मिटतो तो तर अगदी जवळून बघण्यासारखा. आपली पापणी वरून खाली येते, याची खालून वर चढते; राखाडी, पातळ, कडेला बारीक लव असलेली. आता झोपलं म्हणून मी पलीकडून वाकून पाहिलं, तर त्या बाजूचा डोळा टक्क उघडा. काळाभोर, आणि थेट माझ्यावर रोखलेला.

बदकांचं हे असंच असतं. मेंदूचा एक भाग झोपतो, दुसरा पहाऱ्यावर. १९९९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मॅलार्ड बदकं ओळीनं झोपवून बघितली. टोकाची बदकं मधल्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ एक डोळा उघडा ठेवून झोपत होती, आणि तो उघडा डोळा बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूचा. मधल्यांचे बहुतेक वेळ दोन्ही डोळे निवांत मिटलेले. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. मधली जागा मिळावी म्हणून मी लहानपणी केलेल्या भांडणांना कुणीतरी शास्त्राचा आधार दिला होता.

आम्ही भावंडं एका खोलीत ओळीनं झोपायचो. मी सगळ्यांत धाकटी, म्हणून दाराकडची कड माझी. का, ते मला अजून कळलेलं नाही. धाकट्यांना मधे ठेवावं एवढं बदकांनाही कळतं. दिवा मालवला की दाराची फट दिसायला लागायची, आणि फटीत काय काय दिसायचं ते सांगण्यात अर्थ नाही, ज्याला-त्याला आपापली फट माहीत असते. मी हळूच विचारायचे, "दादा, झोपलास का?" दादा म्हणायचा, "हं." झोपलेला माणूस झोपलोय म्हणून सांगतो, यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. थोड्या वेळानं परत, "दादा, झोपलास का?" "हं." तेवढ्यावर माझी रात्र निघायची.

तर पिल्लांची रात्र. दिवसा ती गोड असतात हे सगळ्यांना माहीत असतं, त्यांचे फोटो दिवसाच काढलेले असतात. रात्री बटण बंद केल्याचा आवाज झाला की पिल्लं ठेवलेला अख्खा खोका उठून उभा राहतो. एक टोकदार, न थकणारं ची-ची-ची सुरू होतं आणि एकमेकांच्या अंगावर चढाचढी. अंधाराला घाबरतात म्हणावं, तर आईच्या पोटाखाली काय उजेड असतो? तिथं तर काळोखच. पण तिथल्या काळोखाला ऊब असते, वजन असतं, आणि वरून सतत काहीतरी पुटपुटणं चालू असतं. आपण ऊब आणि उजेड दोन्ही एकाच बल्बवर सोपवतो आणि मग तोच बल्ब विझवतो.

म्हणून दोन्हींची सोय वेगळी केली. उबेसाठी खोक्याच्या एका कोपऱ्यावर उजेड न देणारा सिरॅमिकचा दिवा, आणि लांब भिंतीला झिरोचा बल्ब. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली साधारण ३२ अंश लागतात, मग दर आठवड्याला तीनेक अंश उतरवत जायचं, पिसं फुटेपर्यंत. थर्मामीटर लावावा, पण त्याच्याकडे बघू नये, पिल्लांकडे बघावं. दिव्याखाली गोळा होऊन ओरडत असतील तर गार पडतंय, भिंतींना चिकटून चोच उघडी टाकून धापत असतील तर उकडतंय, आणि इकडेतिकडे पाय पसरून पडली असतील तर आपण आपलं जेवायला जावं. भगभगीत पांढरा उजेड रात्रभर ठेवला तर ती झोपतच नाहीत, रिकामटेकड्या माणसांसारखी एकमेकांना टोचत बसतात.

पाण्याचा वेगळाच उद्योग. कोरडं खाणं त्यांच्या घशाखाली उतरत नाही, घासागणिक पाण्यात चोच बुडवावी लागते. तेव्हा रात्री खाणं ठेवलं तर पाणी ठेवायलाच हवं. भांडं असं हवं की चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल पण पिल्लू आत जाऊन बसणार नाही. आईविना वाढणारं पिल्लू भिजलं की गारठतं. ठेवलं पाणी की सकाळी खोक्यात चिखल. खाली वर्तमानपत्र घालायचं नाही, त्यावर पाय घसरून फाकतात. खरबरीत कापड घालायचं आणि ते रोज धुवायचं. वासाबद्दल मी लिहिणार नाही.

एवढं सगळं केल्यावरही ची-ची राहिलीच. कमी झाली, पण राहिली. कुणी सांगितलं आरसा ठेवा, कुणी म्हणालं मऊ खेळणं ठेवा, टिकटिक करणारं घड्याळ फडक्यात गुंडाळून ठेवा. खेळण्याची काय दशा झाली ते वर न लिहिलेल्या वासात आलं. घड्याळाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ते नुसतं बोलत राहतं, उत्तर देत नाही.

आणि पिल्लांना उत्तर हवं असतं. त्यांचं बोलणं अंड्यातच सुरू होतं. अठ्ठावीस दिवसांचा मुक्काम संपत आला की पिल्लू अंड्यातल्या हवेच्या पोकळीत चोच खुपसतं आणि कवच फुटायच्या आधीच चिवचिवायला लागतं. गिल्बर्ट गॉटलिब या शास्त्रज्ञानं मॅलार्डवर प्रयोग करून दाखवलं की अंड्यातला स्वतःचा आणि भावंडांचा आवाज कानावर पडलाच नाही, तर पुढे आपल्या जातीच्या आईची हाक ओळखण्यात पिल्लू चुकतं. म्हणूनच एकटं पिल्लू कधी पाळू नये. ते दिवसा तुमच्या मागे मागे फिरेल, तुम्हाला धन्य वाटेल, आणि रात्री ते ज्या आवाजात हाका मारतं तो ऐकवत नाही.

प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या कोन्राड लॉरेन्झची गोष्ट इथे आठवतेच. १९७३चं नोबेल मिळालेला हा माणूस मॅलार्डच्या पिल्लांची आई व्हायला निघाला, तर पिल्लं ढिम्म. तो बदकासारखा आवाज काढत, वाकून गवतातून चालायला लागला तेव्हा कुठे ती मागे आली. आवाज थांबला की त्यांचं रडणं सुरू. मार्टिना नावाचं हंसाचं पिल्लू तर त्याच्या खोलीतच झोपायचं. रात्रीतून जागं होऊन ते बारीक आवाजात विचारायचं, आणि हा झोपेतूनच हंसाच्या भाषेत उत्तर द्यायचा. मी इथे आहे, तू कुठे आहेस, एवढाच त्या विचारण्याचा अर्थ, असं त्याचं म्हणणं.

मला बदकांची भाषा येत नाही. मला येतं ते "हं". एका रात्री कंटाळून, डोळे न उघडता, पलंगावरूनच म्हटलं. खोका गप्प झाला. मग कोंबलेल्या गळ्यातून निघावी तशी बारीक किरकिर आली, समाधानाची, आणि तीही विरली. तासाभरानं परत ची-ची, परत "हं". आता हे अंगवळणी पडलंय, त्यासाठी मला जागंही व्हावं लागत नाही म्हणतात.

अडचण एकच झाली आहे. घरात ही बातमी फुटली. मुलीनं परवा मध्यरात्री कानाशी येऊन विचारलं, "आई, अजून दोन पिल्लं आणायची ना?" साक्षीला बाबांना उभं केलं होतं म्हणे. मी काय म्हणाले असेन, ते तुम्हीच सांगा.