पद्मिनीच्या दारावरचे वेल्डिंग घासताना

वडिलांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी फोंड्याला आमच्या घराशेजारच्या शेडमध्ये बरीच वर्षे उभी होती. गोव्याच्या पावसाळ्यात दारातून आत उतरलेले पाणी तळाच्या छिद्रांतून निघून जायला हवे, पण ती छिद्रे मातीने आणि पाल्याने बुजली की ते तिथेच साचते. त्यामुळे डाव्या दाराचा खालचा चार बोटे भाग गंजून चाळणीसारखा झाला होता. तो कापून मी नव्या पत्र्याची पट्टी मिग वेल्डिंगने, म्हणजे तार आपोआप पुढे सरकत वितळणाऱ्या विजेच्या वेल्डिंगने, बसवली. दूर दूर टाके घालून मधल्या जागा हळूहळू भरल्या, आणि ते काम ठीक जमले. अडचण आली ती वेल्डिंग घासून सपाट करताना.

पहिल्या दिवशी मी चार इंची ग्राइंडरला जाड व्हील लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग फिरवत गेलो. पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. तो तापून निळसर झाला, आणि गार झाल्यावर अंगठ्याने दाबला तर तेलाच्या डब्याच्या बुडासारखा टक् टक् आतबाहेर होऊ लागला. दोन ठिकाणी मूळ पत्रा घासून इतका पातळ झाला की आरपार भोक पडले. वडिलांनी जपलेल्या गाडीचे हे नुकसान माझ्याच हातून झाल्याचे मला फार लागले.

दार उतरवून मी डेंटिंगचे काम करणाऱ्या एका वयस्क मेस्त्रींकडे नेले. त्यांनी डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाले, ‘‘बाबा, डिस्क टाक्यावर चालव, पत्र्यावर नको. हाताला चटका बसला की थांब.’’ मिगचा टाका झटकन थिजतो, म्हणून तो भोवतालच्या पत्र्यापेक्षा कठीण होतो. डिस्क थोडी जरी कलली तरी टाका तसाच राहतो आणि शेजारचा मऊ पत्रा खाल्ला जातो, हे त्यांनी मला दाखवून दिले.

भोके बुजवून मी पुन्हा सुरुवात केली. आधी एक मिलिमीटर जाडीच्या कटिंग डिस्कची धार टाक्याच्या उंचवट्यावरूनच हलकेच चालवून तो जवळजवळ पत्र्याबरोबर आणला. मग साठ नंबरची आणि शेवटी त्याहून बारीक ऐंशी नंबरची फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) वापरली. एका जागी दोन इंच घासायचे आणि ती जागा गार होईपर्यंत दुसऱ्या टोकाला जायचे, असे करताना एका दाराला तीन संध्याकाळी लागल्या. थंड होताना वेल्डिंग आकसून पत्रा ओढते. म्हणून मागे डॉली, म्हणजे हातात धरायचा लोखंडी ठोकळा, धरून टाक्यावर हातोडीने ठोकून तो ताणावा लागला, आणि डॉली नीट टेकावी यासाठी आतल्या बाजूचा उंचवटाही आधी उतरवावा लागला. काळ्या मार्करने सगळा भाग रंगवून वरून कानस फिरवली की उंच जागा चकाकतात आणि खोलगट जागा काळ्याच राहतात. डोळ्याला न दिसणारी चूक ही खूण दाखवते, म्हणून मला ती फार मोलाची वाटते.

रात्री दिवे मालवून मागून बॅटरी धरली, तेव्हा सुईच्या टोकाएवढी तीन भोके दिसली. ती लांबीखाली (खोलगट जागा भरायच्या पुटीखाली) झाकली असती तर मागून ओल शिरून वर्षभरात रंग फुगला असता, म्हणून पुन्हा टाके घालून पुन्हा घासले. जवळची काच मात्र जाड कापडाने झाकावीच, कारण ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात आणि ते डाग कधीच निघत नाहीत.

इथल्या दमट हवेत उघडा पत्रा काही तासांत तांबूस होतो. त्यामुळे काम थांबवताना दरवेळी तो थिनरने पुसून, बोटे न लावता, त्यावर इपॉक्सी प्रायमर मारत गेलो. शेवटी लांबी अगदी पातळ पुरली. दार परत चढवल्यावर छिद्रे मोकळी करून आत तांब्याभर पाणी ओतले. ते खालून सरळ निघून गेले, आणि वडिलांनी वाकून तळाच्या कडेवरून एकदा हात फिरवला.