बहात्तरच्या दुष्काळावरचा एक शोधनिबंध: विषयापासून प्रूफापर्यंत

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, वरिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. पीएच.डी. चालू असताना लिहिलेल्या एका शोधनिबंधाची ही हकीकत. त्याआधी चर्चासत्रांच्या अंकांत माझे लेख आले होते, पण ते मी धरत नाही. तिथे नोंदणी शुल्क भरलं की लेख छापला जातो. कोणी वाचत नाही, कोणी अडवत नाही. हा निबंध मात्र दोन अनोळखी परीक्षकांच्या हातून गेला.

माझा विषय होता ‘१९७२ चा दुष्काळ आणि ग्रामीण महाराष्ट्र’. मार्गदर्शक सरांनी कागद बघितला आणि म्हणाले, “मॅडम, हे तर ग्रंथाचं नाव झालं. यात तुमचा प्रश्न कुठाय?” मग त्यांनी एक वाक्य लिहून दिलं: ‘या लेखात मी असं दाखवते की...’ पुढचं मी भरायचं. भरता येईना तोवर लिहायला बसायचं नाही, ही त्यांची अट.

त्या अटीमुळे वाचनाची तऱ्हाच बदलली. या दुष्काळावर भरपूर लिहिलेलं आहे. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणं. जाँ द्रेझ यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी दुष्काळ पडूनही भूकबळींचं संकट टाळता आल्याचं उदाहरण म्हणून महाराष्ट्राकडे बघितलं. म्हणजे सरकारने काय केलं, धान्य किती आलं, मजुरी किती वाटली, यावर माझ्यासारखीने भर घालण्याजोगं फारसं उरलेलं नव्हतं. आता मी वाचताना माहिती टिपत नव्हते; कशाबद्दल कोणीच बोलत नाही ते शोधत होते.

ते सापडलं नियमांच्या एका यादीत. रोजगार हमीच्या कामावर पिण्याचं पाणी, सावली, प्रथमोपचार आणि लहान मुलांसाठी पाळणाघर असावं, असं सांगितलेलं आहे. हे पुढच्या काळातलं. मग त्याआधी, बहात्तरला, बाया दिवसभर खडी फोडत होत्या तेव्हा त्यांची लेकरं कुठे होती? एवढाच प्रश्न. सरांना फोन केला. म्हणाले, “हं, आता लागा कामाला.”

एका कागदावर मी तीन रकाने आखले. पहिल्यात उपप्रश्न, दुसऱ्यात त्याला कसला पुरावा लागेल, तिसऱ्यात तो कुठे मिळेल. याला संशोधन आराखडा वगैरे म्हणतात, पण आराखड्याच्या छापील नमुन्यात ‘उद्दिष्टे’ आणि ‘गृहीतके’ भरताना माणूस वाट्टेल ते लिहितो. तीन रकान्यांत तशी लबाडी करता येत नाही. तिसरा रकाना रिकामा राहिला की पहिल्यावर काट मारायची. मी बऱ्याच मारल्या.

हजेरीपट मिळाले नाहीत. सरकारी अभिलेखांचं अ, ब, क, ड असं वर्गीकरण असतं आणि खालच्या वर्गातले कागद मुदत संपली की नष्ट करतात. ज्या कार्यालयात मी हेलपाटे घातले तिथल्या कारकुनाने हे शांतपणे समजावून सांगितलं, तेही बऱ्याच हेलपाट्यांनंतर. १९७१ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका मिळाली. तिच्यात गावनिहाय आकडे आहेत, पण त्यात एक मेख आहे. त्या जनगणनेत कामाची व्याख्या ‘मुख्य काम’ अशी धरली गेली. त्यामुळे घर सांभाळून शेतावर राबणाऱ्या कितीतरी बाया ‘काम न करणाऱ्यां’त गेल्या आणि १९६१ च्या मानाने बायकामजुरांचा आकडा घसरलेला दिसतो. तो आकडा तसाच उचलला असता तर आमच्या भागात बाया कामच करत नव्हत्या असं मला लिहावं लागलं असतं. आकडा उचलण्याआधी तो कोणी, कोणत्या व्याख्येने मोजला ते बघायचं. विद्यार्थ्यांना मी आता सगळ्यात आधी हेच सांगते.

राहिल्या मुलाखती. बहात्तरला विशी-पंचविशीत असलेल्या बाया आता सत्तरीच्या पुढे. पहिली अडचण सालाची. एका मावशींना विचारलं, हे कोणत्या वर्षी? त्या म्हणाल्या, “साल आमाला काय म्हाईत, बाई? थोरला रांगत हुता, आन् रेशनला मिलो मिळायची.” या एका वाक्याने माझं मोठं काम केलं. कारण आमच्याकडे लोक बहात्तरची दुष्काळी कामं आणि नंतरची रोजगार हमीची कामं एकात एक मिसळून सांगतात. कागदावर ती वेगळी आहेत. रोजगार हमी योजना १९७२ मध्ये जाहीर झाली खरी, पण दुष्काळ वाढल्यावर तिच्या जागी दुष्काळी कामंच चालली. तो ओसरल्यावर योजना पुन्हा सुरू झाली. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. तेव्हा आठवणीत अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली की ती आठवण बहात्तर-त्र्याहत्तरची, अशी खूण मी धरली आणि मुलांच्या वयांशी ताडून बघितली. जिथे दोन्ही जुळेनात ती मुलाखत बाजूला. निबंधात ‘संशोधन पद्धती’ या भागात हे सगळं एका परिच्छेदात सांगितलं, आणि परीक्षकांनी सर्वांत कमी शेरे मारले ते त्याच भागावर.

मुलाखतीआधी संमती घ्यायची, रेकॉर्डर कशासाठी ते सांगायचं, नावं बदलायची, हे आलंच. रेकॉर्डिंग ऐकून शब्द न् शब्द उतरवून घेणं मात्र स्वतः करावं. मी एक भाग दुसऱ्याकडून टंकून घेतला, तर त्याने ‘हुता’चं ‘होता’ करून ठेवलं आणि गप्प बसण्याच्या जागा गाळल्या. त्या गप्प बसण्यातच बरंच काही होतं. कारण लेकरू कुणापाशी ठेवत होता असं विचारलं की बहुतेकजणी थांबायच्या, आणि मग थोरल्या मुलीचं नाव घ्यायच्या. “शाळेत जायची की. मग न्हाय गेली.”

इथे आराखडा बदलला. मी त्या थोरल्या मुलींना शोधायला लागले. आज त्या साठी ओलांडलेल्या. एकीने धाकट्या भावाला कडेवर घेऊन कामाच्या जागेपर्यंत, आईने पाजावं म्हणून, दुपारी चालत जायचा रस्ता मला दाखवला. मधला ओढा, बाभळी, सगळं. आणि सरांचं वाक्य भरलं गेलं: या लेखात मी असं दाखवते की दुष्काळी कामांवर आईने मिळवलेल्या मजुरीमागे घरातल्या थोरल्या मुलीचं काम उभं होतं, आणि ते कोणत्याच हजेरीपटावर नाही.

यानंतर लिहिणं सोपं गेलं असं म्हणणार होते, पण गेलं नाही. गोळा केलेलं टाकवत नाही हो. रोजगार हमीचे जनक मानले जाणारे वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात विसापूर भागात केलेला प्रयोग, १९७५ चा व्यवसाय कर (आपल्या पगारातून महिन्याला २०० रुपये कापले जातात तोच, रोजगार हमी योजनेसाठी आला होता), हे सगळं मी जीव लावून लिहिलं होतं. पण सरांच्या वाक्याशी त्याचा संबंध नव्हता. ‘उरलेलं’ नावाची फाइल केली आणि ते तिकडे टाकलं. नुसतं पुसून टाकायला सांगितलं असतं तर माझा हात उचलला नसता.

आमच्या रसायनशास्त्रवाल्यांचं बरं असतं. प्रस्तावना, पद्धती, निष्कर्ष, चर्चा. खण आधीच पाडलेले. इतिहासात खण आपणच पाडायचे. मी पहिला खर्डा झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाचा मुद्दा समासात एका ओळीत लिहिला आणि फक्त समास वाचत गेले. ज्या परिच्छेदाला ओळ सुचेना तो काढला. एकाच ओळीचे दोन निघाले ते जोडले. सारांश आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहिली. संदर्भ झोटेरोत, म्हणजे संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, ठेवले होते म्हणून निभावलं, तरी मराठी पुस्तकांची नोंद हाताने भरावी लागते आणि लेखकाचं आडनाव कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये पडलं की यादीत एकच माणूस दोनदा दिसतो. याला उपाय एकच, पहिल्या दिवसापासून एक पद्धत धरणे.

साम्यतपासणीचा, म्हणजे आपला मजकूर दुसऱ्या लिखाणाशी किती जुळतो हे सॉफ्टवेअरने तपासण्याचा, बाऊ करू नये. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि अवतरणचिन्हांतला, संदर्भ दिलेला मजकूर त्यातून वगळलेला आहे. शब्द फिरवून टक्के खाली आणण्यात लोक जेवढा वेळ घालवतात तेवढ्यात स्वतःचा एक परिच्छेद लिहून होतो.

नियतकालिक निवडताना डोळे उघडे ठेवावे लागतात. ‘आठवड्यात प्रकाशन, प्रमाणपत्रासह’ असे व्हॉट्सॲपचे निरोप सगळ्यांनाच येतात. तेव्हा यूजीसीची मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी होती; २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद झाली आणि पारख करायचं काम आता विद्यापीठांवर आणि आपल्यावर आलं आहे. मी यादीच्या पलीकडे एवढंच केलं, की त्या नियतकालिकाचे मागचे अंक ग्रंथालयात बसून वाचले. ज्यांचे लेख मी माझ्या निबंधात वापरले होते ते लोक तिथे लिहितात का, हे बघितलं. लिहीत होते. पाठवला.

परीक्षकांचे अभिप्राय आले तेव्हा दोन दिवस फाइल उघडून बघितली नाही. एकाने सैद्धांतिक चौकट कुठे आहे असं विचारलं होतं. दुसऱ्याला मुलाखती थोड्या वाटल्या. सरांनी एक तक्ता करायला लावला: डावीकडे परीक्षकाचं म्हणणं जसंच्या तसं, उजवीकडे मी काय केलं आणि कोणत्या पानावर. चौकटीसाठी बिनमोल घरकामावरचं स्त्रीवादी अर्थशास्त्रातलं लिखाण वाचून दोन परिच्छेद घातले, आणि खरं सांगायचं तर त्याने निबंध सुधारला. मुलाखतींची संख्या मात्र वाढवली नाही. इतक्याच का, कुणाच्या वगळल्या, आणि यावरून सगळ्या जिल्ह्याबद्दल मी का बोलत नाही, हे तक्त्यात स्पष्ट लिहिलं. परीक्षकाचं सगळं ऐकायचं नसतं. सगळ्याला उत्तर मात्र द्यायचं असतं. ते उत्तर चाललं.

स्वीकारल्याचं पत्र आलं, आणि मग प्रूफ. मी युनिकोडमध्ये पाठवलेला मजकूर तिकडे श्रीलिपी या जुन्या फॉन्टप्रणालीत बदलताना रफार उडाले होते. ‘कार्यालय’चं ‘कायालय’ आणि ‘वर्ष’चं ‘वष’ झालं होतं. शिवाय कोणा सज्जनाने मावशींचं ‘हुता’ पुन्हा ‘होता’ करून ठेवलं होतं. सगळ्या जागा लाल पेनाने परत केल्या, समासात ‘बोली आहे, बदलू नये’ असं लिहिलं, पानांचे फोटो काढून ठेवले आणि रजिस्टर पोस्टाने पाठवून दिले.

स्टाफरूममध्ये अंक दाखवला तर पहिला प्रश्न आला तो बढतीसाठी याला गुण किती मिळतात. सांगितले. ‘उरलेलं’ फाइलमधल्या व्यवसाय कराचा आता वेगळा निबंध होतो का, ते बघते आहे. तीन रकाने आखून झालेत, तिसरा अजून अर्धा रिकामा आहे.