मुळा आणि मोदक

तोक्योतल्या निशी-कासाईत आपली माणसं पुष्कळ. २००० च्या आसपास कॉम्प्युटरवाले इथे येऊ लागले; आता स्टेशनबाहेर कुणी मराठीत बोललं तरी मान वळत नाही. तरी मला इथे रुळवलं ते शेजारच्या जपानी आजींनी.

पहिल्याच महिन्यात माझी कचऱ्याची पिशवी गाडीने नेली नाही. वार चुकला होता. पिशवीवर चिठ्ठी चिकटवलेली, ती मला वाचताही येईना. आजी खाली आल्या. कचऱ्यावर पसरायच्या जाळीच्या कडा नीट दाबून दाखवल्या, कावळे फार आहेत म्हणून. मग एक बाटली हातात घेतली, टोपण काढलं, लेबल सोललं, विसळल्याची खूण केली. आवाज जराही चढला नाही.

आमच्या भागात काइरानबान फिरतं, म्हणजे नोटिशी लावलेला क्लिपबोर्ड. वाचायचं, नावापुढे शिक्का मारायचा, पुढच्या घरी द्यायचा. व्हॉट्सॲपच्या काळात हे कशाला, असं मला आधी वाटायचं. पण तो द्यायला दार वाजवावं लागतं, आणि दार उघडलं की चार शब्द होतात. आजी एकट्या राहतात. क्लिपबोर्ड त्यांच्याकडे दोन दिवस अडकला, तर मी जाऊन बघतेच.

गणपतीच्या आदल्या दिवशी मी खालच्या घरी सांगून आले, उद्या टाळ वाजतील, माफ करा. आवाज होण्याआधीच सांगायची इथली ही रीत मला फार आवडते. दुसऱ्या दिवशी आजी क्लिपबोर्ड घेऊन आल्या, मूर्ती दिसली आणि त्यांनी हात जोडले. "शोतेन-सामा!"

आपला गणपती बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे कधीच इथे पोचलाय. असाकुसाजवळच्या मात्सुचियामा देवळात तो शोतेन म्हणून पुजला जातो. मूर्ती मात्र झाकलेली, दर्शन नाही. नैवेद्य मुळ्याचा! थंडीत आजी मला तिथे घेऊन गेल्या. दंडाएवढे दोन पांढरेशुभ्र मुळे घेतले, एक माझ्या हातात दिला. मी मनात अथर्वशीर्ष म्हणत होते, शेजारी आजी त्यांचं काही पुटपुटत होत्या. घाई दोघींनाही नव्हती.

यंदा गणपतीत बेल वाजली. दारात आजी, एका हातात क्लिपबोर्ड, दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेला मुळा. मी तो मोदकांच्या ताटाशेजारी ठेवला आणि शिक्का शोधायला आत गेले.