मेन स्विच पाडून काढलेले चोवीस तास

वादळ येऊन गेलं आणि वीज गेली. वीज जाण्यात नवं काही नव्हतं, पण या वेळी ती तीन दिवस आलीच नाही. पहिल्या रात्री मेणबत्त्या, गप्पा, सगळी गंमत. दुसऱ्या दिवशी सकाळी नळ उघडला तर नुसता फुसफुसला. इमारतीचा पंप विजेवर चालतो हे मला चांगलं माहीत होतं, पण वीज नाही म्हणजे पाणीही नाही, हा हिशोब मी कधी मांडलाच नव्हता. प्यायचं पाणी म्हणाल तर घरात दोन बाटल्या आणि एक पातेलं.

खरी धांदल उडाली ती आईच्या इन्सुलिनची. फ्रिज बंद पडलाय, आता औषध खराब होणार, या भीतीने मी तिची पेनं बर्फाच्या डब्यात, थेट बर्फावर नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी काढली तर एक गोठलेलं. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं, म्हणजे ते टाकूनच द्यावं लागलं. वाईट याचं वाटलं की एवढा आटापिटा करायची गरजच नव्हती. वापरायला काढलेलं पेन फार उकाड्यात नसेल तर बहुतेक प्रकारांत साधारण २८ दिवस फ्रिजबाहेर चालतं. आईला हे डॉक्टरांनी कधीतरी सांगितलं होतं. “पण तू मला विचारलंस कुठे?” आई म्हणाली. बरोबरच होतं तिचं.

वीज आली त्याच आठवड्यात मी खरेदीला लागले. भीती ताजी असते तेव्हा पैसे फार सहज सुटतात. तयार ‘७२ तासांची बॅग’ मागवली, म्हणजे संकटातले पहिले तीन दिवस निघावेत म्हणून भरलेली बॅग. चकमक आली, फॉइलची चकचकीत चादर आली, आणि एक चाकू आला ज्याच्या मुठीत होकायंत्र होतं. पात्याच्या लोखंडाशेजारी बसवलेली ती सुई नेहमी पात्याच्याच सल्ल्याने उत्तर दाखवायची. सगळं सामान कपाटाच्या वरच्या फळीवर गेलं आणि मला शांत झोप लागू लागली.

ती झोप नवऱ्याने मोडली. “यातलं वापरून काय काय पाहिलंस?” त्याने विचारलं. मी गप्प. मग त्यानेच सुचवलं, की एका शनिवारी संध्याकाळी मेन स्विच पाडायचा, पाण्याचा मुख्य कॉक बंद करायचा आणि रविवार संध्याकाळपर्यंत दोन्हीला हात लावायचा नाही.

पहिलाच घोटाळा कॉकचा. तो नेमका कुठे आहे हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. मिळाला तो सिंकखालच्या फळीमागे, आणि गंजून घट्ट बसलेला. पाना शोधण्यात अजून पंधरा मिनिटं. खरोखर पाइप फुटला असता तर तोवर घरात तळं झालं असतं. त्या रविवारनंतर कॉकला तेल दिलं, पाना तिथेच दोरीने बांधून ठेवला, आणि गॅसचा कॉक व मेन स्विच कसा बंद करायचा हे मुलासकट सगळ्यांनी एकदा स्वतःच्या हाताने करून पाहिलं.

दुसरा धडा संडासाने दिला. माणशी दिवसाला ४ लिटर पाणी, निम्मं पिण्यासाठी आणि निम्मं स्वयंपाक-स्वच्छतेसाठी, असा ठोकताळा मी कुठेतरी वाचला होता. चार माणसांचे १६ लिटर काढून ठेवले आणि स्वतःवर खूश झाले. पण एका फ्लशला सहा-सात लिटर सहज जातात हे त्यात कुठेच नव्हतं. रात्री नऊपर्यंत निम्मा साठा खलास. मग हात धुतलेलं, भांडी विसळलेलं पाणी एका बादलीत जमा करून तेच संडासात ओतायला सुरुवात केली. आता आमचा हिशोब सरळ आहे: प्यायचं पाणी वेगळं, झाकून, तीन दिवसांचं, आणि वापरायचं पाणी दोन मोठ्या बादल्या भरून कायम.

बारीकसारीक गोष्टी किती निघाल्या! टॉर्च हातात धरून भाजी चिरता येत नाही, म्हणून कपाळाला बांधायचा दिवा घेतला. पूर्ण खरेदीत हीच वस्तू सगळ्यात कामाची निघाली. काडेपेटी सादळलेली होती. फ्रिज न उघडता चार तास गारवा धरतो, गच्च भरलेला फ्रीजर दोन दिवसही धरतो, पण आमचा मुलगा दर वीस मिनिटांनी दार उघडून ‘आत अजून गार आहे का’ ते तपासत होता. आणि त्याला आमच्या दोघांपैकी एकाचाही फोन नंबर पाठ नव्हता. तो तरी काय करणार, मलाच नवऱ्याचा नंबर सांगता आला नाही. रात्री मेणबत्तीच्या उजेडात चौघांसाठी चार कार्डं लिहिली: नंबर, रक्तगट, आईची औषधं आणि त्यांचे डोस, भेटायच्या दोन जागा. एक इमारतीबाहेरची आणि दुसरी लांबची, इमारतीपाशी पोहोचता आलं नाही तर. शिवाय दुसऱ्या गावातल्या एका नातेवाइकाचा नंबर, ज्याला सगळ्यांनी ‘मी ठीक आहे’ एवढंच कळवायचं. संकटात सगळेच फोन लावत असतात, त्यामुळे लाइन मिळत नाही. साधा एसएमएस मात्र बऱ्याचदा जातो.

एक गोष्ट आम्ही त्या चोवीस तासांत करून पाहिली नाही, पण खऱ्या वादळात करता करता राहिलो होतो. गॅस संपला तर कोळशाची शेगडी घरात पेटवू, असं ठरत आलं होतं. बंद जागेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना वास ना रंग. डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. जनरेटरचंही तेच. शेगडी असो की जनरेटर, जागा घराबाहेर, खिडक्या-दारांपासून लांब.

पुढचे दोन-तीन महिने मी वस्तू घ्यायचं थांबवून शिकायला लागले. पाण्यापासून सुरुवात केली. उकळणं सगळ्यांना येतं असं वाटतं, पण भांड्याच्या कडेला बुडबुडे आले की मी गॅस बंद करायचे. खळखळून उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट जायला हवं, आणि दोन हजार मीटरपेक्षा उंचावर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं. इंधन नसेल तर साधं, बिनवासाचं, ५ ते ६ टक्क्यांचं ब्लीच लिटरला दोन थेंब. ढवळायचं आणि अर्धा तास ठेवायचं. पाणी गढूळ असेल तर आधी कापडातून गाळायचं आणि थेंब दुप्पट. मी हे ड्रॉपर घेऊन ओट्याशी उभी राहून केलं. पहिल्या खेपेला हात थरथरला आणि पाच थेंब पडले, ते पाणी झाडांना गेलं. दुसऱ्या खेपेला अर्ध्या तासाने भांड्यावर नाक धरलं तर पोहण्याच्या तलावाचा वास अगदी पुसट आला. तेवढा यायलाच हवा; अजिबात येत नसेल तर पुन्हा तेवढेच थेंब घालून पंधरा मिनिटं थांबायचं. आई म्हणाली, “हे पिऊन मरणार नाही ना?” आणि सगळ्यात आधी तिनेच प्यायलं. तिसरी वाट उन्हाची: पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत स्वच्छ दिसणारं पाणी भरून सहा तास कडक उन्हात आडवं ठेवायचं, ढगाळ असेल तर दोन दिवस. मात्र यातल्या कशानेही पाण्यातली रसायनं जात नाहीत. कारखान्याजवळचं किंवा तेलाचा तवंग आलेलं पाणी उकळून काही उपयोग नाही.

मग प्रथमोपचाराचा दोन दिवसांचा वर्ग केला. खरं सांगायचं तर यूट्यूबवर सगळं दिसतं, मग कशाला जायचं, अशाच मताची मी होते. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची ते शिकताना पुतळ्याच्या छातीवर तळहात ठेवून दाबायला लागले तेव्हा मत बदललं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर वेळी पाच-सहा सेंटिमीटर खोल. ऐकायला सोपं आहे. नीट खोल गेलं तर त्या पुतळ्यातून ‘टक्’ असा आवाज यायचा, आणि माझ्या पहिल्या वीस दाबांत तो तीनदाच आला. कोपर सरळ ठेवून, खांदे हातांच्या बरोबर वर आणून, अंगाचं वजन टाकायचं असतं. मी मनगटाने ढकलत होते. दीड मिनिटात घामाघूम. म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो. शिकवणाऱ्या बाईंनी एक वाक्य सतत म्हटलं: “आधी मदतीला फोन, मग हात.” रक्तस्रावाचंही तसंच. जखमेवर कापड ठेवून घट्ट दाबायचं, आणि दर मिनिटाला उचलून थांबलं का ते बघायचं नाही. मी दोनदा उचललं, दोनदा ओरडा खाल्ला. भाजलेल्या जागेवर बर्फ नाही, वाहतं गार पाणी, वीस मिनिटं. वीस मिनिटं किती लांब असतात हे घड्याळ लावून नळाखाली हात धरल्यावरच समजतं.

जुलाबात पाणी टिकवायचं मिश्रण तर आता मुलगाही करतो: एक लिटर स्वच्छ पाणी, साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे, मिठाचा अर्धा. सपाट, शिगोशीग नाही. मीठ जास्त झालं तर ते अपाय करतं.

गाठी आणि चकमक यांच्यावर मात्र मी जरा जास्तच वेळ घालवला. चकमकीने कापूस पेटवायला मला चाळीस मिनिटं लागली आणि बोटं सोलवटली. काडेपेटी हवाबंद डब्यात ठेवणं हे त्यावरचं उत्तर आहे, हे लक्षात यायला इतका वेळ का लागला कोण जाणे. गाठींपैकी बोलाइन तेवढी मनापासून शिकावी. तिचा फास आवळत नाही, आणि कितीही ताण पडला तरी नंतर सुटते.

फोनमध्ये दोन गोष्टी उतरवून ठेवल्या. कीविक्स या अ‍ॅपवर संपूर्ण विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचता येतो, आणि ओएसएमअँड या अ‍ॅपमध्ये नकाशे. पण पॉवर बँक संपली की दोन्ही संपले, म्हणून पाण्याचे थेंब, छाती दाबण्याची गती, कॉकची जागा, एवढं एका कागदावर लिहून फ्रिजच्या दाराला चिकटवलंय.

वर्ष झालं तसा परवा पुन्हा मेन स्विच पाडला. फुशारकीने बॅग खाली काढली. टॉर्चमध्ये ठेवून दिलेले सेल पाझरले होते. स्प्रिंगवर पांढरी बुरशीसारखी पूड, झाकण फिरेना. आता सेल बाहेर, वेगळ्या पिशवीत. ब्लीच जुनं झालं होतं, आणि जुन्याची ताकद उतरते. पॉवर बँक रिकामी. कार्डावर आईचं एक औषध अजून जुनंच लिहिलेलं होतं. आणि बॅगेच्या तळाशी मुलाचे बूट निघाले, अगदी कोरे. त्याने पाय घालून पाहिला, टाच बाहेरच राहिली.

“हे कोणाचे?” तो म्हणाला.

कॉक मात्र एका हाताने फिरला.