देव मानत नाही, मग त्या मीटिंगला कसा बसतो?

ताई, भावाच्या दारूचं बोलताना तुम्ही हे विचारलंत म्हणून लिहून राहिलो. तसं विहारातले लोकही हेच विचारतात, की देव मानणार नाही अशा बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञा घेतलेलं तुमचं बौद्ध घर, मग एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) मीटिंगमध्ये देवाचं नाव घेऊन प्रार्थना होते तिथं तुम्ही कसे काय बसता?

दारूचं आधी उरकतो, त्यात नवीन काही नाही. पंचशील लहानपणापासून पाठ, पाचवं शील तर दारूचंच, बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ला इथंच नागपुरात ज्या प्रतिज्ञा दिल्या त्यातही दारू पिणार नाही असं साफ आहे, आणि हे सगळं तोंडपाठ असून मी रोज प्यायचो. मधे वर्ध्याला नोकरी लागली तर घरचे खुश, जिल्ह्यात दारूबंदी आहे म्हणून. आता बंदी आहे म्हणजे मिळत नाही असं ज्याला वाटतं त्यानं कधी शोधलेली नसते, एवढंच सांगतो.

शेवटी डॉक्टरकडे नेलं. हे मुद्दाम लिहितो, कारण रोज खूप पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो, तिथं श्रद्धाबिद्धा कामाची नाही, औषधच लागते. मीटिंग त्याच्यानंतरची गोष्ट.

पहिल्या दिवशी प्रार्थना सुरू झाली तसा मी उठलोच होतो. बाजूला टिळा लावलेले एक रिटायर्ड काका, ते म्हणाले, "कुठं चालला बे? देवाचं नंतर पाहू, आज घेतली का? नाही ना? मग बस." नंतर कळलं की हे भांडण एएत सुरुवातीपासूनचं आहे. १९३५मध्ये अमेरिकेत दोन दारुड्यांच्या भेटीतून हे सुरू झालं, १९३९मध्ये दारूतून बाहेर पडायच्या बारा पायऱ्या छापल्या तेव्हा काही मेंबर देव न मानणारे होते, म्हणून 'देव, आम्हाला जसा समजला तसा' असं लिहिलं गेलं. मेंबर व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा पाहिजे. फी नाही, बाहेरून देणगी घेत नाहीत, आपसातच टोपी फिरवून पैसे गोळा करतात.

मला जे समजलं ते ती माणसंच. ऑटोवाले, बँकेतले, ताजबागच्या दर्ग्याला जाणारा एकजण, आणि ते टिळेवाले काका, ज्यांना मी रात्री दोन वाजता फोन केला की घ्यावीशी वाटून राहिली, तर त्यांनी उपदेश एका शब्दाचा केला नाही, स्वतः कसे पडले होते तेच सांगत बसले उजाडेपर्यंत. त्या पायऱ्यांत आपल्यापेक्षा मोठी ताकद मानायची म्हणतात ना, ती मला या लोकांत दिसली. संघं सरणं गच्छामि मी हजारदा म्हटलेलं, पण शरण जाणं मला तिथं जमलं. (संघ म्हणजे भिक्खूंचा, हे मलाही माहीत आहे, उगाच वाद घालू नका.) देवाची प्रार्थना चालते तेव्हा मी गप्प उभा राहतो, कोणी काही म्हणत नाही. आईला अजूनही हे पटलेलं नाही, ती म्हणते शील नीट पाळलं असतं तर याची गरजच नव्हती, आणि तिचं चूक आहे असंही मी म्हणणार नाही.

तुमच्या भावाचं म्हणाल तर जबरदस्तीनं आणू नका. ओपन मीटिंग असते त्या दिवशी घरच्यांनाही बसता येतं, तुम्ही एकदा येऊन पाहा. तो तयार असला तर मला फोन करा, मी घ्यायला येतो.