पाळी चुकण्याआधी काय जाणवलं, नंतर काय झालं – माझा अनुभव

आम्ही बरेच महिने ट्राय करत होतो, त्यामुळे पाळीच्या आधीचा आठवडा म्हणजे नुसती डिटेक्टिव्हगिरी. छाती दुखली की शंका, पोट फुगलं की शंका, उगाच रडू आलं तरी शंका. आणि मग पाळी यायची ती यायचीच.

शेवटी डॉक्टर मॅडमनी नीट समजावलं तेव्हा जरा शांत झाले. ओव्ह्युलेशन झालं, म्हणजे अंडाशयातून बीज बाहेर पडलं, की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतंच, दिवस राहोत की न राहोत, आणि छाती जड होणं, पोट फुगणं, झोप येणं ही बरीचशी त्याचीच कामं, म्हणून पाळीच्या आधीची लक्षणं आणि प्रेग्नन्सीची सुरुवातीची लक्षणं डिट्टो सारखी वाटतात. आणि एचसीजी हे हार्मोन, जे टेस्टमध्ये दिसतं, ते गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजल्यावरच बनायला लागतं, म्हणजे ओव्ह्युलेशननंतर साधारण 6 ते 10 दिवसांनी. त्यामुळे ओव्ह्युलेशननंतर दोनतीन दिवसांत "मला मळमळतंय गं" म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी आता काही बोलत नाही, फक्त मान हलवते.

ज्या महिन्यात खरंच राहिलं त्या महिन्यात काही वेगळं होतं का? तेव्हा विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. पाळीच्या तारखेच्या आसपास हलकासा तपकिरी डाग दिसला आणि मी गृहीतच धरलं की आली. पण पुढे काहीच नाही. असा डाग काहींना दिसतो, बऱ्याच जणींना दिसतच नाही, त्यामुळे त्यावरून काही ठरवू नका. मला मात्र थकवा भयंकर होता, काम करता करता डोळे मिटायचे, रात्री सारखं बाथरूमला उठायचं, आणि साबणाचा रोजचा वास अचानक नकोसा झाला. एरवी पाळी आली की छातीचं दुखणं उतरतं, यावेळी उलट वाढतच गेलं.

तारीख उलटल्यावर सकाळच्या पहिल्या लघवीवर टेस्ट केली, कारण त्यात एचसीजी जास्त घट्ट असतं. दुसरी रेघ इतकी फिकट की नवरा म्हणे मला दिसतच नाहीये, मी खिडकीशी नेऊन बघतेय, मोबाईलच्या टॉर्चमध्ये बघतेय. पाकिटावर दिलेल्या वेळेत रंगाची रेघ आली तर फिकट असली तरी बहुतेक वेळा पॉझिटिव्हच समजायची, पण वेळ उलटून गेल्यावर पट्टी वाळून जी रेघ उमटते तिच्यावर विश्वास नाही ठेवायचा. थोडे दिवस थांबून परत केली तेव्हा मस्त गडद आली. डॉक्टरनी बीटा एचसीजी, म्हणजे रक्तातलं एचसीजी मोजणारी टेस्ट, दोनदा केली, मध्ये 48 तास ठेवून, कारण सुरुवातीला हा आकडा साधारण दोन-तीन दिवसांत दुप्पट व्हायला हवा.

गंमत म्हणजे मॅडम म्हणाल्या, तुम्हाला चार आठवडे उलटून गेलेत. अहो कळलं तर आत्ता! पण मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात, म्हणजे पहिले दोन आठवडे तर बाळ नसतंच.

फॉलिक अ‍ॅसिडची 400 मायक्रोग्रॅमची गोळी मी आधीपासूनच घेत होते, ती चालू ठेवायला सांगितली. आणि एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली, तीच मी सगळ्यांना सांगते: टेस्ट पॉझिटिव्ह असताना पोटात एका बाजूला जोरात दुखलं, खांद्याच्या टोकाला दुखलं, चक्कर आली किंवा रक्त जायला लागलं तर घरी बसून वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनलिकेत रुजलेला असू शकतो आणि ते जिवावर बेतू शकतं.

पहिल्या सोनोग्राफीत नुसती गर्भाभोवतीची पिशवी दिसली, ठोके नाहीत, आणि मी घाबरले. पण त्या म्हणाल्या लवकर आलात, ठोके बहुतेक सहाव्या-सातव्या आठवड्यात दिसतात, परत या. परत गेले तेव्हा दिसले.

मळमळ सुरुवातीला नव्हतीच, त्यामुळे मला वाटलं सुटले. कसलं सुटले, सहावा आठवडा लागला आणि सकाळ-संध्याकाळ काही भेद राहिला नाही. रिकाम्या पोटी जास्त व्हायची म्हणून थोडं थोडं सारखं खात राहिले. पण पाणीसुद्धा टिकेना आणि लघवी कमी आणि गडद व्हायला लागली तेव्हा लगेच दाखवलं, सलाईन आणि गोळ्या दिल्या, त्यानंतर निदान पाणी तरी पोटात राहायला लागलं.